गुलाबी पाण्यातली गाठ

महिना झाला, द्वारकाबाई तबस्सुमशी बोलत नव्हत्या. आज तिनं शेवयांचा डबा पुढं ठेवला, तरी त्या ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या फडक्यांच्या घड्या घालीत राहिल्या.

"मावशी, अम्मीनं पाठवलाय."

"ठेव तिथं. मला काम हाय."

महिन्यापूर्वी धोंडिबा नावाच्या रुग्णाच्या गाठीचा तुकडा तबस्सुमच्या प्रयोगशाळेत जिवंत यायचा होता. द्वारकाबाईंनी बावीस वर्षांच्या सवयीनं तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला. फॉर्मालिनमध्ये गाठ वर्षानुवर्षं टिकते, पण तिच्यातली एकही पेशी जिती राहत नाही. तबस्सुम तेव्हा सगळ्यांसमोर ओरडली होती.

"माझं चुकलं, मावशी. चारचौघांत बोलायला नको होतं."

"म्हणं, 'मारून टाकलं!' बावीस वर्षं या खोलीत हाय मी. अजून कुणाला मारलं नाय."

तबस्सुमनं हसू गिळलं. "आज सारजाबाईंची गाठ निघणार. एकदाच निघणार. तुम्ही हात दिला तरच ती माझ्यापर्यंत जिती येईल."

तिनं बर्फातली गुलाबी पाण्याची छोटी बाटली काढून दाखवली. द्वारकाबाईंनी ती उजेडात धरली.

"हे तर सरबत दिसतंय."

"पेशींचं सरबतच समजा. यात त्या जगतात. पण गार हवं."

द्वारकाबाईंनी बाटली परत बर्फात खोचली आणि शेवयांचा डबा उचलून कपाटात ठेवला. तबस्सुमला तेवढं पुरलं.

सारजाबाई सिल्लोडच्या बाजारात मिरची विकायच्या. मिश्री लावून लावून गालात आतून कर्करोगाची गाठ धरली. औषधाच्या तीन फेऱ्यांत ती निम्मी वितळली आणि मग अडून बसली. उरलेल्या निम्म्यात औषधाला न मेलेल्या पेशी होत्या. त्या कोण, कशाच्या बळावर तगल्या, हे तबस्सुमला हुडकायचं होतं. एकदा गाठ निघून फॉर्मालिनमध्ये गेली की विचारायला कुणीच उरणार नव्हतं.

काल संमतीची सही घेताना सारजाबाईंनी जड जिभेनं विचारलं होतं, "इतकीशी गाठ. तिच्यात काय बघायचंय?"

"काकू, बाजार लांबून ऐकला तर नुसता गलका ऐकू येतो. जवळ जाऊन एकेकीला विचारलं, तर कळतं कोण काय बोलतंय. मी तसं एकेका पेशीला विचारणार."

"व्हय. बदमाश एखादीच असती, वरडत्यात समद्या." आणि मग हळूच, "मला गुण येईल का त्यानं?"

तबस्सुमला 'हो' म्हणावंसं वाटलं. ओठापर्यंत आलं.

"नाही, काकू. खोटं कशाला सांगू? पुढं कुणाला तरी येईल. तेही लगेच नाही."

सारजाबाईंनी पदराला बोटं पुसली. मग त्यांनी पेन मागितलं.

आज गुलाबी बाटली द्वारकाबाईंकडं आत देऊन, बर्फाचा डबा छातीशी धरून तबस्सुम ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभी होती. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "मावशी, फॉर्मालिन!"

तिनं दाराला कान लावला.

"देते, सर. आधी बारका तुकडा गुलाबी बाटलीत. मोठा फॉर्मालिनमध्ये. तुमच्याशीच ठरलंय तसं."

"अहो, घाई आहे."

"असू द्या. दोन मिनिटांनी काय बिघडत नाय."

मग डॉक्टर हसले. "बरं बाई, तुमचं राज्य!"

दार उघडलं. द्वारकाबाईंनी बाटली बर्फात ठेवली आणि म्हणाल्या, "पळ."

तबस्सुम पळाली. तुकडा बारीक चिरला, पेशींची पकड सोडवणाऱ्या द्रावात घालून उबेत ठेवला, झोक्यात लेकरू हलवावं तसा हलकेच हलवला. पेशी एकमेकींचे हात सोडून सुट्या झाल्या. त्या गाळल्या आणि थेंबभर निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. ज्यांनी रंग आत घेतला त्या मेलेल्या, ज्यांनी रंग दारातच अडवला त्या जित्या.

शंभरात अडुसष्ट जित्या. एकेक पेशी वेगळी वाचणाऱ्या मशीनला निदान ऐंशी हव्या होत्या.

तिनं पेशी धुतल्या. शहात्तर. प्रत्येक धुण्यात मेलेल्यांबरोबर जित्याही वाहून जात होत्या. आणखी धुवावं तर हाती किती उरतील? न धुवावं तर मेलेल्यांच्या कचऱ्यात जित्यांचं बोलणं बुडून जाईल. मग हात निर्जंतुक करून तिसऱ्यांदा धुवायला घेतलं, अगदी सावकाश.

त्र्याऐंशी. निम्म्या गेल्या होत्या, पण सात हजार उरल्या होत्या.

तिनं मशीन सुरू केलं. आत तेलात बारीक थेंब सुटू लागले, एका थेंबात एक पेशी. तेवढ्यात फोन वाजला.

"मी द्वारका. सारजाबाई शुद्धीवर आली. तोंडाला पट्टी हाय, बोलता येत नाय. पण सारखी तुझ्या खोलीकडं बोट करती अन् माझ्याकडं बघती. काय सांगू?"

"सांगा, जित्या आल्या. पण काय सापडलं ते कळायला महिना लागेल."

"महिना! तवर ती घरी गेलेली असंल."

"मग सिल्लोडला जाऊन सांगेन."

"नक्की? मी तिला शब्द द्यायचा अन् तू इथंच बसशील."

"जाईन, मावशी. काही सापडलं नाही तरी जाईन."

द्वारकाबाईंनी फोन ठेवला नाही. पलीकडून त्यांचा आवाज आला, बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्ठा, "येती म्हणं! सिल्लोडला येती!"