ठिपक्यांच्या फरश्या

ताईंनी चपला काढल्या, उजव्या पायाचा अंगठा फरशीवरच्या उठावावर फिरवला.

"रेघा. म्हणजे चला."

नकाशाकार दोन पावलं मागे राहून चालू लागला. वाहतूक कार्यालयाच्या आवारात बसथांब्यापासून फलाटापर्यंतच्या नव्या वाटेचा नमुना मांडला होता. फलाट खडूचा, रूळही खडूचेच. वाट आधी अंधांकडून तपासून घ्यायची, असं यंदा पहिल्यांदाच ठरलं होतं. ताई इस्पितळात टेलिफोनवर बसायच्या. जन्मापासून दिसत नव्हतं, पण जिभेला धार होती.

खडूच्या कडेशी त्या थबकल्या.

"ठिपके. थांबा. काय साहेब, पास की नापास?"

त्याला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी जुन्या स्टेशनात गाण्याचे अंध मास्तर फलाटाच्या कडेवरून रुळांवर पडले. तेव्हापासून जिन्यात, कचेरीत, कुठेही त्याला मागून काठीची टकटक ऐकू यायची. वळून पाहावं तर कुणी नसायचं.

"मास्तरांना ओळखत होतात?"

"आमच्यात कोण ओळखत नव्हतं? सूर चुकला की काठी पायावर बसायची."

"तिथल्या फरश्या उलट्या होत्या, ताई. कडेला रेघा, वाटेवर ठिपके. नकाशा माझा होता. कुणाला बोललो नाही."

ताईंनी अंगठा ठिपक्यांवरून मागे घेतला.

"उलट्या आहेत ते आम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मास्तर गेले त्याच आठवड्यात आम्ही एकमेकांना पढवलं. त्या स्टेशनात ठिपके म्हणजे चला, रेघा म्हणजे थांबा. आता झोपेतसुद्धा कुणी चुकायचं नाही."

"आता प्रश्नच मिटला. आज सकाळी तिथल्या सगळ्या बदलून घेतल्या, मी स्वतः उभं राहून."

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं छातीभर श्वास घेतला.

"कुणाला विचारलंत?"

त्यानं पायाखालच्या ठिपक्यांकडे पाहिलं. जुन्या स्टेशनातही ठिपके आता फलाटाच्या कडेला होते.

"किती वाजले?"

"पाच वाजून दहा."

"आमची सहा माणसं सव्वापाचच्या गाडीला असतात. सगळ्यांत पुढे आमचे हे."

त्यानं स्टेशनाच्या कचेरीचा नंबर लावला, ताईंनी नवऱ्याचा. दोन्हीकडे घंटा वाजत राहिली.

"उचलायचे नाहीत," कानाला लावलेला फोन न काढता ताई म्हणाल्या. "एका हातात काठी असते, दुसऱ्यात पिशवी."