दीडशेवं डोकं

बकल्स बेंडची वस्ती दीडशे. म्हणजे आदल्या दिवशी होती. एक जूनच्या पहाटे इलायस हॅझर्डच्या नरड्यातून गोळी आरपार गेली आणि ती एकशे एकोणपन्नास झाली.

एका माणसाने असा काय फरक पडतो, असं कुणीही म्हणेल. पण सरकारी मोजणीचं ठरलंच होतं तसं. त्या दिवशी सूर्य उगवताना गावात दीडशे माणसं जिवंत असली, तर जिल्ह्याची कचेरी गावात राहणार. एक जरी कमी भरलं, तर ती नऊ मैलांवरच्या न्यू स्पार्टाला जाणार. कचेरी गेली की न्यायाधीश गेला, दुकानं गेली, येऊ घातलेली रेल्वे गेली. मग कॅन्ससच्या त्या माळावर उरतं काय? गवत आणि वारा.

गाव तरी केवढं! नदीने तीन बाजूंनी वेढलेलं, पलीकडे जायला उथळ पाण्याचा एकच उतार. अकरा वर्षांपूर्वी ओहायोहून आलेल्या गाड्यांपैकी एकीचा आस तिथे मोडला, म्हणून वसलेलं. आधी तिथे पॉनी या मूळच्या जमातीची मातीची घरं होती. ती आपल्याच लोकांनी जाळली, पण त्याचं नाव गावात कुणी काढत नसे. पुढे टोळधाड आली, हिमवादळ आलं, पटकीने एका उन्हाळ्यात तेवीस माणसं नेली. गेले दोन महिने न्यू स्पार्टाशी मारामाऱ्या चालल्या होत्या. त्यांनी आपलं धान्याचं कोठार पेटवलं, आपण त्यांच्यातल्या दोघांची डोकी कुऱ्हाडीच्या दांड्याने फोडली.

इलायस उतारावर पहाऱ्याला होता. उजाडायच्या आधी त्याची बायको ऑर्फा कॉफी घेऊन गेली, तर तो पाण्यात पालथा पडलेला. तिने एकटीने ओढत घरी आणला, पलंगावर निजवला, गोधडी हनुवटीपर्यंत घेतली आणि ती कुणालाही उचलू दिली नाही. ती रडलीही नाही. तिला एकच हवं होतं, मारणारा फासावर जायला हवा. तो कोण, हे तिला ठाऊक होतं. न्यू स्पार्टाचा खाटीक, गस रॅडमाकर. "तुमचं एक डोकं मी कमी करणार," असं तो भर बाजारात बोलला होता. पण गोळी झाडताना पाहिलेलं कुणी नव्हतं, आणि पुराव्याशिवाय न्यायाधीश काय करणार, कपाळ?

गावचा प्रमुख थॅडियस क्रम टोपी हातात धरून आला.

"ऑर्फा, माझं ऐक. इलायस उजाडल्यावर गेला म्हण. बस, एवढंच."

"आणि मारणारा?"

"तो कुठे पळून जातोय? आधी गाव वाचू दे."

"म्हणजे त्याच्या मढ्यावर तुमची कचेरी."

"माझी एकट्याची का गं? तुझं घर काय चंद्रावर आहे?"

ऑर्फाचं डोकं भडकलं, पण तिला एक गोष्ट आठवली. मोजणीवर नजर ठेवायला दोन्ही गावांचा एकेक माणूस असे, आणि न्यू स्पार्टाने रॅडमाकरलाच पाठवलं होतं. काय म्हणावं त्या बेशरमाला!

"आणा मोजणीदाराला," ती म्हणाली. "त्यांच्या माणसालाही आणा." बाई शहाणी झाली, असं क्रमला वाटलं.

दहाच्या सुमाराला मोजणीदार पीबल्स वही घेऊन आला. एकशे एकोणपन्नास नावं लिहून झाली होती. मागोमाग रॅडमाकर शिरला, डोक्यावरची टोपी न काढता. दारात अर्धं गाव जमलं.

"कधी गेले?" पीबल्सने विचारलं.

"नऊ वाजता," ऑर्फा म्हणाली. "ऊन चांगलं वर आलं होतं. कॉफी मागितली. अर्धा कप प्यायले, कडू झालीय म्हणाले, मग डोळे मिटले."

क्रमने मान खाली घातली. पीबल्सने टाक दौतीत बुडवला. रॅडमाकर मात्र आतल्या आत खदखदत होता. चिखलात दबा धरून एवढ्या मेहनतीने कमी केलेलं डोकं ही बाई कॉफी पाजून परत उठवत होती.

"साफ खोटं," तो बोलून गेला. "कॉफी प्यायला नरडं राहिलं होतं का त्याला? तांबडं फुटायच्या आत पाण्यात कोसळला, हूं नाही की चूं नाही."

पीबल्सने टाक खाली ठेवला. "नरड्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लोक बोलतात."

"कोण लोक?" ऑर्फा म्हणाली. "ही गोधडी मी कुणालाच उचलू दिली नाही."

रॅडमाकरचा चेहरा उतरला. आणि तेव्हा क्रम, आपला क्रम, त्याच्या मदतीला धावला. "हा काहीही बरळतोय हो. बाईंनी सांगितलं ना नऊ वाजता? लिहा तुम्ही."

"बाई, मी तुमचं एकच म्हणणं लिहीन," पीबल्स म्हणाला. "नऊ वाजता गेले असतील तर हा नुसता बडबड्या. तसं नसेल तर खुनी. नीट विचार करून सांगा."

"ऑर्फा, आमच्या पोराबाळांकडे बघ गं," दारातून एक बाई म्हणाली. तिने बघितलं. पटकीच्या वेळी या बायका तिच्या उशाशी बसल्या होत्या. मग तिने गोधडी बाजूला ओढली.

"सूर्योदयाच्या आधी," ती म्हणाली. "तो खरं बोलतोय."

पुरुष रॅडमाकरवर तुटून पडले. इलायससाठी नव्हे हो, गेलेल्या कचेरीसाठी. पहिल्या फटक्याला त्याचे दात पडले, दुसऱ्याला हात मोडला. खटला चालवा, खटला चालवा, असं पीबल्स ओरडत राहिला. त्यांनी रॅडमाकरला पाय धरून उतारापर्यंत फरफटत नेलं आणि झाडाला लटकावलं. दोर आखूड निघाला, म्हणून मरायला वेळ लागला. ऑर्फाने शेवटपर्यंत पाहिलं. खोटं कशाला सांगू, तिचा जीव थंड झाला.

दुपारी ती क्रमच्या दारात गेली. कबर खणायला दोन माणसं हवी होती. तो तिथेच फासाचा सोडवून आणलेला दोर गुंडाळत बसला होता. दोर हातात घेऊन तो उठला आणि तोच तिच्या तोंडावर मारला. ती उंबऱ्यावर पडली, ओठातून रक्त आलं. आजूबाजूला बाया होत्या. एकही जागची हलली नाही.

"एकशे एकोणपन्नास नाही," क्रम म्हणाला, "एकशे अठ्ठेचाळीस. तुला आम्ही धरत नाही." आणि त्याने दार लावून घेतलं.