आठव्या मजल्यावरची भिंत

"तुमच्याकडे काम काढलंय का, शेठ?" वॉचमननं कवळीवाल्याला गेटवरच अडवलं. "शेजारच्या मॅडम सारख्या खाली फोन करतायत. दुपारभर ठोकाठोकी चाललीय म्हणे. आधी सांगायचं तरी."

"कसलं काम? घरी आई एकटी आहे," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच लिफ्टकडे धावला.

कारण ती ठोकाठोकी कसली, हे त्याला पक्कं माहीत होतं. मायलेक जन्मभर ज्या गल्लीत राहिले तिथं पाण्याला वेळ नव्हती. ज्याच्या नळाला आधी धार लागेल त्यानं शेजारची भिंत ठोकायची, शेजाऱ्यानं पुढची, की अख्खी गल्ली बादल्या घेऊन उभी. पुढं पुढं तर काहीही झालं की भिंतच. ताप चढला, ठोक. भांडण हाताबाहेर गेलं, ठोक. लगेच कुणीतरी दारात, केस पिंजारलेले, "काय गं, काय झालं?"

लिफ्ट नेमकी त्या दिवशी मजल्यामजल्याला थांबत गेली.

आई बाथरूममध्ये पडली होती, एक पाय भलत्याच बाजूला, हातात मग. मगाचा कान तुटून गेलेला.

"आलास?" आवाज पार बसला होता तिचा. "किती वाजवलं रे मी. इथली माणसं सगळी कामाला जातात वाटतं."

शेजारच्या मॅडम घरातच होत्या, हे त्यानं तिला सांगितलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, घरी आली, आणि तिनं एकच धोशा लावला, मला गल्लीत ने.

आता फ्लॅट काही वाईट नव्हता हो. लोकांच्या कवळ्या घासून घासून, त्या धुळीत डोळे फोडून त्यानं तो घेतला होता. खिडकीत झाडं, तोटी फिरवली की पाणी, आणि गल्लीतल्या धुरानं लागलेला तिचा खोकला इथं आल्यापासून गायब. पण तिथं हाकेला माणूस येतं, असं ती म्हणते त्यात खोटं काय? तो तडक गल्लीत गेला. भिंतीपलीकडची मावशी दारात भांडी घासत होती.

"आईला परत आणतो म्हणतोय. तू बघशील ना?"

"बघेन की. तिचं करायला मला काय धाड भरलीय?" मावशीचा हात थांबला. "पण संडास तिकडं टोकाला, विसरलास काय? आणि आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा होतास ना तू?"

होता. अख्खी गल्ली धावली होती. गाडी आत येत नाही म्हणून काकांना खुर्चीत बसवून उचललं, तर वळणावर खुर्चीच अडकली. इकडून ओढ, तिकडून तिरकी कर, आणि त्या ओढाताणीतच काका गेले, सगळ्यांच्या हातांवर.

"माणसांची काय कमी होती रे तेव्हा," मावशी म्हणाली. "राहू दे तिला तिथंच. मी नको म्हणाले असं सांग. घालू दे मला चार शिव्या."

घरी आई पलंगावर तयारच बसली होती. कोपऱ्यात नवाकोरा वॉकर. गल्लीत तो वळायचा नाही, म्हणून तिनं त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"कधी निघायचं?"

तो चपला काढत राहिला.

"मावशी नको म्हणाली?"

"हो."

शिव्या बिव्या काही नाही. ती मांडीवरची चादर सारखी करत बसली, सारखीच होती तरी. मग म्हणाली, "तिची नातवंडं वाढली आता. झोपायला पाय दुमडून घेतात बिचारी. गल्लीतली आपली खोली पडूनच आहे, ती देऊन टाक त्यांना."

"बघू गं नंतर."

"नंतर कशाला? आण तो घोडा इकडं."

त्यानं वॉकर पुढं सरकवला. तिनं दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले, आणि त्याच्याकडे न बघता उठायला लागली.