भावोजींचा स्पीड गव्हर्नर

भरधाव गाडी चालवल्याबद्दल भावोजींना कोर्टाने तिसऱ्यांदा दोषी ठरवलं, तरी मान अशी ताठ की सत्कार घेऊनच आलेत. दोनदा दंडावर सुटले होते. या वेळी मात्र हुकूम होता, गाडीला स्पीड गव्हर्नर बसवा, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊच न देणारा डबा. आणि तो बसवायला साहेब आले ते थेट बायकोच्या भावाच्या गॅरेजात, बायकोला सोबत घेऊन.

"मेहुणे, डबा तेवढा लावा, सील मारा, सही ठोका. तार जोडायची नाही," भावोजी खुर्ची ओढत म्हणाले. "घरचं माणूस मग कशाला असतं?"

मेहुणा, म्हणजे गॅरेजचा मिस्तरी, पाने काढायला लागला. असले शूरवीर तो रोज बघायचा. ऑफिसात साहेबापुढे शेपूट घालायची आणि सगळी मर्दुमकी ॲक्सिलरेटरवर गाजवायची. उजवा पाय खाली दाबता येतो, एवढ्या कर्तबगारीला ही मंडळी ड्रायव्हिंग म्हणतात.

पण हा शूरवीर बहिणीचा नवरा होता. मागे एकदा मिस्तरीने चारचौघांत त्याला "जरा हळू चालवा" म्हटलं, तर त्याने वर्षभर बहिणीला माहेरी फिरकू दिलं नाही. आई आजारी होती तेव्हासुद्धा नाही. आज तार जोडली तर पुन्हा तेच होणार. मिस्तरीचा हात चालेना, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

भावोजी फोनवर बोलत बाहेर गेले. वकील, पोलीस, चौकातला कॅमेरा, सगळ्यांचा उद्धार झाला. स्वतःचं नाव तेवढं राहिलं.

निदान दिसायला तरी तार ओढून ठेवावी म्हणून मिस्तरीने शेजारच्या सीटपुढचं रबरी मॅट उचललं. झिजून झिजून त्याला आरपार भोक पडलं होतं.

"हे काय गं?" त्याने दाराशी उभ्या बहिणीला विचारलं.

"ब्रेक दाबते मी. ह्यांनी गाडी पळवली की पाय आपोआप जातो."

"अगं, इथे ब्रेक नसतो."

"माहितीये. अकरा वर्षं दाबतेय."

तारेचं टोक हातात धरून मिस्तरी म्हणाला, "जोडली आणि त्यांना कळलं, तर तुला इकडे आणणार नाहीत."

"नाही आणलं तर चालत येईन," ती म्हणाली. "त्याला पाय शाबूत लागतात, दादा. जोड तू तार."