विद्युताच्या नावाचे गहू

आमचे मास्तर सन दोन हजारमधल्या पाच माणसांच्या गोष्टी लिहीत आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढत. ते माझे यजमान. धुळ्यातल्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवत. सगळा गल्लीमोहल्ला त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. रतिलालभाऊ नावाच्या गृहस्थांचा चार नंबरच्या गल्लीत छापखाना होता. त्यांच्या मुलांच्या मासिकात छप्पनच्या दिवाळीपासून 'उद्याची टोळी' सुरू झाली. टोळी दरोडेखोरांची असते, वीरांचं पथक म्हणा, असं रतिलालभाऊंनी परोपरीनं सांगून पाहिलं. मास्तरांनी ऐकलं नाही. पथक म्हटलं की कोणीतरी हुकूम सोडणार, यांना हुकूम सोडणारा नकोच होता.

टोळीत वायुजित होता, तो उडायचा. पाताळनाथ जमिनीत बुडी मारून पाण्याचे झरे शोधून आणायचा. किरणकुमारच्या डोळ्यांतून प्रकाश निघायचा. आणि विद्युता होती. तिच्या अंगात वीज होती. ही मंडळी ज्या धुळ्यात राहायची तिथं पांझरा नदी बाराही महिने दुथडी भरून वाहायची. माणूस उडतो यावर वाचणाऱ्या पोरांनी एकदाही शंका काढली नाही. पांझरेला उन्हाळ्यात पाणी कुठून येणार, असं मात्र मास्तरांना शाळेत अडवून विचारायची.

मास्तरांच्या कामाचा मला सुरुवातीला संताप यायचा. उडणारा माणूस खालून कसा दिसतो ते कळावं म्हणून ते मला ट्रंकेवर पालथी झोपवत, हात पसरायला लावत आणि स्वतः जमिनीवर उताणे पडून बघत. पिठलं करपलं तरी हलायचं नाही. विद्युता काढताना तर मी केर काढत असले की तशीच थांबवून ठेवत. पदर कमरेला खोचलेला, एक पाय पुढे, हातात केरसुणी. केरसुणीच्या जागी मग विजेची लाट यायची. विद्युताची हनुवटी माझी, उभं राहणं माझं, रागावल्यावर नाकपुड्या फुगतात त्याही माझ्या. त्यांनी हे कधी कबूल केलं नाही, मीही विचारलं नाही. पण ते चित्र काढत तेव्हा मी दारात उभी राहून बघायची. कोऱ्या पुठ्ठ्यावर आधी काहीच नसायचं, आणि थोड्या वेळानं तिथं एक माणूस तुमच्याकडे बघत असायचं, जे जन्मालाच यायचं होतं. दरवेळी अंगावर काटा यायचा. पुढं रशियानं आकाशात गोळा सोडल्याची बातमी आली, तेव्हा आळीतली चांगली शिकलीसवरली माणसं आमच्या ओट्यावर येऊन मास्तरांना विचारत होती, की आकाशात जाता येणार हे तुम्हाला वर्षभर आधी कसं कळलं? मास्तर सगळ्यांना चहा पाजत होते आणि मीच मेली दिवसभर भारावल्यासारखी फिरत होते.

मास्तरांची एक पद्धत होती. आईला ऐकवल्याशिवाय कुठलाही भाग छापायला द्यायचा नाही. सासूबाई सोनगीरजवळच्या आमच्या गावी असत. त्यांचं नाव भिकूबाई. अक्षर एक येत नव्हतं. मास्तर पुठ्ठे घेऊन मोटारनं गावी जात, ओट्यावर बसून वाचत, आणि त्या एकेका चौकटीवर बोट ठेवून प्रश्न विचारत. पहिल्याच भागाला त्यांनी विचारलं, "यासमा मोठं मानूस कोन शे?" चार तरण्याताठ्या पोरांना वडीलधाऱ्याशिवाय बाहेर कोणी सोडलं, हे त्यांना समजेना. म्हणून टोळीत लोहनाना आले, पोलादी हातांचे आणि पांढऱ्या मिशांचे. सोनगीरचे तांबट हंड्यावर जसे ठोके उमटवतात तसे ठोके त्यांच्या दंडावर काढले. मग मास्तरांनी लिहिलं की दोन हजार साली माणसं जेवणाऐवजी एक गोळी घेतील. सासूबाई म्हणाल्या, "गोयी खाईसन पोट भरस का कोनं?" गोळी गेली. उद्याची टोळी आकाशात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ लागली.

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. माझं माहेर जळगावचं, तिकडे आमच्या घरी कानबाई नव्हती. सासरी मोठी होती. श्रावणात देवी बसते, त्यासाठी सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. घरातली वडील बाई घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मूठमूठ गहू टोपलीत टाकते. ते घरच्याच जात्यावर दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त घरच्यांनीच खाऊन संपवायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. टोपलीत पडलेले गहू परत काढत नाहीत. आणि घरात कोणी गेलं असलं, सुतक असलं, तर त्या वर्षी कानबाई नाही.

सत्तावन्नच्या श्रावणात सासूबाईंनी दिरांच्या, मास्तरांच्या, पोरासोरांच्या नावानं मुठी टाकल्या आणि हात न थांबवता म्हणाल्या, "वायुजितना नावनी." पुढची पाताळनाथची. मग किरणकुमारची. शेवटी लोहनानांची. भाऊबंद आधी हसले, मग गप्प झाले, कारण गहू तर टोपलीत पडले होते. रोट झाले आणि सगळ्यांनी खाल्ले. मी जावेच्या कानात विचारलं, विद्युताची राहिली का? सासूबाईंना ऐकू गेलं. "बाईमानूसनी मूठ नही ऱ्हास," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. माझी नव्हती, जावेची नव्हती, त्यांची स्वतःची नव्हती. पण मला त्या दिवशी फार लागलं. कागदावरच्या पुरुषांना मूठ आहे, आणि जात्यावर बसून दळणाऱ्या आम्हाला नाही!

पुढच्या वर्षी आषाढात मास्तर एकदम मुके झाले. जेवताना लक्ष नाही, बोलले तर हो-नाही. मी खनपटीला बसले तेव्हा म्हणाले, "टोळीतलं कोणीतरी मरायला हवं, कुंदा. सगळेच दरवेळी वाचतात, त्यामुळे त्यांचं जगणंच खोटं वाटायला लागलंय."

"मग लोहनानांना मारा. त्यांचं वय झालंय."

"आईनं त्यांच्या नावाचे गहू घेतलेत. चौघांच्याही. कानबाईच्या टोपलीत गेलेल्या माणसाला मी कसा मारू?"

म्हणजे राहिली कोण, ते मला कळलं. मी ताट उचललं ते आपटलंच. "तिला मूठ नाही म्हणून तिनं मरायचं का?" मी विचारलं. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, आणि मला वाटतं त्या बघण्यातही ते चित्रच शोधत होते. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ट्रंकेवर झोपायला नाही म्हणाले, केर काढताना दार लावून घेऊ लागले.

तरी त्यांनी ते पान काढलंच. मी शाई आणून देणार नव्हते, त्यांनी स्वतः आणली. शत्रूंनी एक खोटा सूर्य बनवला आहे आणि तो खानदेशावर उतरतो आहे. कपाशी उभी जळते आहे, केळीच्या बागा काळ्या पडल्या आहेत, पांझरा आटते आहे. सोनगीरच्या किल्ल्यावर विद्युता एकटी उभी राहते आणि त्या सूर्याची सगळी आग आपल्या अंगात ओढून घेते. शेवटच्या चौकटीत सूर्य विझलेला, आणि ती बुरुजावर पडलेली, डोळे मिटून.

ते पान मी मास्तर शाळेत गेल्यावर पाहिलं. रागानं पाहायला गेले होते, आणि खाली बसले. सगळं पान काळं आणि मधे ती पांढरी, पदर खोचलेली, एक पाय पुढे. मी अशी उभी राहते? मी एवढी मोठी आहे? मला रडू आलं ते ती मरते म्हणून, आणि ते पान इतकं सुंदर होतं म्हणूनही. ज्या माणसाला मिठाचा डबा सापडत नाही त्याच्या हातून हे आलं, यावर माझा विश्वास बसेना. आणि हे फाडून टाकावं असंही वाटत होतं.

कानबाईसाठी गावी गेलो तेव्हा पान बरोबर होतं. परत आल्यावर रतिलालभाऊंकडे जायचं होतं. घर सारवून, चुना देऊन तयार होतं, तांब्यापितळेची भांडी घासून मांडली होती. माझे दीर सुकदेवभाऊ, जाऊ शेवंताबाई, चुलतसासरे झिपरूआबा, सगळी भाऊबंदकी जमली होती. मुठी टाकायच्या आधी मास्तरांनी नेहमीसारखं ओट्यावर आईला वाचून दाखवलं. सासूबाईंना विद्युता म्हणता येत नसे, त्या तिला इजबाई म्हणत. शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून त्यांनी या वेळी काही विचारलंच नाही. मग उठल्या, मागच्या दारी गेल्या, आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाण्याच्या घागरी ओतून घेतल्या. ओलेत्यानंच आत आल्या, मुठींची रिकामी टोपली पालथी घातली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"औंदा कानबाई नही," त्या म्हणाल्या.

घरात कालवा झाला. सुकदेवभाऊ आधी समजावणीनं बोलले, "माय, ती कागदवरनी शे. चितरामनी बाई. तिनं सुतक कसानं?"

"मंग गये साल चार जननी मूठ लिधी ती कोननी? त्याबी कागदवरनाच शेतस ना? तवय तर बठ्ठासनी रोट खाधात." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "पोऱ्या आपला, आनि पोर परकी?"

सुकदेवभाऊंनी रोट खाल्ले होते, झिपरूआबांनी तर मागून घेऊन खाल्ले होते. ते चौघं घरचे नव्हते म्हणावं तर गेल्या वर्षीची कानबाई बाटली. घरचे म्हणावं तर ही त्यांची बहीण, आणि हिचं सुतक सगळ्यांना. मला हसू यायला हवं होतं. पण मी मास्तरांकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडले होते. आपण शाईनं काय करून बसलो ते ते आईच्या ओल्या लुगड्यात बघत होते.

"अभिमन," सासूबाई मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "ती मरनी का?"

"माय, आजून छापेल नही शे."

"छापानं नही इचारी ऱ्हायनी मी. मरनी का जित्ती शे, ते सांग."

मास्तर पानाकडे बघत बसले. त्यांच्या हातून तसं पान पुन्हा होणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. आता मात्र मी त्यांच्यावर रागावू शकत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काही सुचवलं नाही, तशीच उभी राहिले. मग त्यांनी खिशातून शाईचं पेन काढलं, पान मांडीवर घेतलं आणि विद्युताचे मिटलेले डोळे उघडले. दोन छोट्या रेघा, दोन ठिपके. बुरुजावर पडल्या पडल्या ती वर बघू लागली.

"जित्ती शे," ते म्हणाले. "मनाच्यानं नही मराव ती." त्यांच्या हातून ती मरणार नव्हती.

सासूबाईंनी पान डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं. खात्री पटल्यावर कोरडं लुगडं नेसून आल्या, टोपली सुलटी केली, आणि पुरुषांच्या मुठी टाकू लागल्या. घरच्यांच्या झाल्या. त्या चौघांच्या झाल्या. मग त्यांनी गव्हात पुन्हा हात घातला.

"इजबाईना नावनी."

झिपरूआबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. "आज चितरामनी बाई," ते म्हणाले, "सकाय बठ्ठ्या बाया मूठ मांगतीन."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी आबांकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघी जावांकडे पाहिलं, जणू काही इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती आणि आबांनीच ती सुचवली होती. त्यांनी मूठ भरली. "शेवंताना नावनी." शेवंताबाईंनी तोंडावर पदर घेतला. पुन्हा मूठ भरली. "कुंदाना नावनी."

त्या घरात मला मास्तरीण म्हणत, धाकली म्हणत, अगं म्हणत. माझं नाव त्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकलं. गहू टोपलीत पडल्याचा आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कोणाची लाज वाटली नाही. एका जन्मालाच न आलेल्या बाईनं आम्हाला आत घेतलं होतं, आणि ती या माणसाच्या हातून आली होती.

सासूबाईंनी हात झटकले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या. टोपली भरली होती, त्यांच्या लेखी काम झालं होतं. मी पुढं झाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, तेही चारचौघांत, तेही सासऱ्यांच्या वयाच्या माणसासमोर. मी गव्हात हात घातला, बोटांत मावतील तेवढे गहू घेतले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "भिकूबाईंच्या नावाची."