गाळलेले प्रकरण

एम.ए. इतिहासाची पदवी मिळवायला चार सत्रांच्या लेखी परीक्षा पुरत नाहीत. शेवटच्या सत्रात लघुप्रबंध लिहावा लागतो, त्यावर मार्गदर्शकाची सही लागते, आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकासमोर बसून आपण लिहिलेल्या प्रत्येक विधानाचा जाब द्यावा लागतो. सुमय्या पठाणचे बाकी सगळे झाले होते. उरली होती ती ही तोंडी परीक्षा, आणि तिच्यावर अवलंबून असलेली गारखेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयातली नोकरी. तिथल्या प्राचार्यांनी स्पष्ट सांगितले होते: जूनमध्ये पदवी हातात असेल तर इतिहासाचे तास तुमचे, नसेल तर आम्ही थांबू शकणार नाही.

तिचा विषय शहराच्या जुन्या नहरींचा होता. जमिनीखालून शहरात पाणी आणणारे ते दगडी मार्ग, त्यांत उतरण्यासाठी जागोजागी ठेवलेली विहिरीसारखी तोंडे आणि ती साफ ठेवणारी माणसे. हा विषय तिला सुचवला तो तिच्या मार्गदर्शकांनी, इंद्रजीत सरांनी. तिचे वडील सरदारभाई हर्सूलला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात हे कळल्यावर सर हसून म्हणाले होते, "घरात पाण्याचंच काम आहे, तर इतिहासही पाण्याचाच लिही." पहिल्या वर्षी वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या या मुलीला त्यांनी पुढे आणले, कागदपत्रे वाचायला शिकवले, तळटीप कशी द्यायची ते शिकवले. पाहिले नसेल ते लिहायचे नाही आणि पाहिले असेल ते गाळायचे नाही, हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की मुले मागे त्यांची नक्कल करीत.

चौथे प्रकरण गेल्या तीस वर्षांत बुजलेल्या तोंडांविषयी होते. त्यांतली तीन तोंडे त्यांच्याच महाविद्यालयाच्या नव्या वसतिगृहाखाली गेली होती. शेजारच्या वस्तीतल्या कडूबाईंनी तिला सगळे दाखवले होते.

"आमच्या परसाच्या कडंलाच व्हतं एक," त्या म्हणाल्या होत्या. "वाकून ऐकलं की खालनं पाण्याचा आवाज यायचा. संस्थेनं मुरूम टाकला, मग गप झालं. तू लिहिशीन त्यात माझं नाव घालशीन ना?"

"घालीन की, मावशी."

सरांनी ते प्रकरण जानेवारीत वाचले. पेन्सिलीने शुद्धलेखन तपासले, दोन ठिकाणी 'उत्तम' असे लिहिले, आणि चार दिवसांनी तिला बोलावून म्हणाले, "हे सध्या बाजूला ठेवू."

"का, सर?"

"तात्यासाहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय ते वसतिगृह." तात्यासाहेब संस्थेचे अध्यक्ष होते. "जूनमध्ये माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत आहे, आणि समितीवर तेच असणार. अकरा वर्षं तासिकांवर काढली आहेत मी. तुला वेगळं सांगायला नको."

वेगळे सांगावे लागले नाही. सुट्टीच्या महिन्यांत सरांना पगार नसतो, हे सगळ्या विभागाला ठाऊक होते. सुमय्याने प्रकरण काढून घेतले. कडूबाईंच्या वस्तीकडे मात्र ती त्यानंतर गेली नाही.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी रिकाम्या वर्गात तिची तयारी करून घेतली. स्वतः परीक्षक होऊन प्रश्न विचारले.

"एकोणिसाव्या शतकानंतरचं का लिहिलं नाही, असं विचारलं तर?"

तिने वही उघडली.

"वेळेअभावी, म्हण. वेळ पुरला नाही. परीक्षकसुद्धा कधीतरी विद्यार्थी होते, वेळेचं कारण समजून घेतात. पुढं मी आहेच."

त्या शेवटच्या तीन शब्दांवर ती निश्चिंत झोपली.

परीक्षक साठीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी लघुप्रबंध खरोखर वाचला होता. पानांमध्ये कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. टेबलासमोरच्या एकट्या खुर्चीवर सुमय्या होती. तासभर सगळे चांगले चालले. मग बाईंनी नकाशा उलगडला.

"हे पाणी शहराच्या या बाजूला येतं आणि इथं थांबतं. पुढं काय झालं त्याचं?"

"पुढचा भाग वेळेअभावी घेता आला नाही, मॅडम."

"वेळेअभावी? अहो, तुम्ही जिथं थांबलात ती जागा या इमारतीपासून पायी जाण्याइतकी जवळ आहे."

सुमय्याने सरांकडे पाहिले. सर लघुप्रबंधाची पाने चाळत होते.

"पुढचा भाग घे, असं मी सुचवलं होतं, मॅडम," ते म्हणाले. "मार्गदर्शक म्हणून सांगणं आपलं काम. पण हल्लीच्या मुलांना सादर करण्याची घाई असते."

पंखा फिरत होता. सुमय्याला वाटले, ते आता काही पुढे बोलतील, हसतील, वाक्य सावरून घेतील. त्यांनी पान उलटले.

"काम चांगलं आहे," परीक्षक बाई म्हणाल्या, "पण असं अर्ध्यात सोडलेलं मी मान्य करू शकत नाही. पुढच्या सत्रात पूर्ण करून पुन्हा सादर करा."

पुढचे सत्र म्हणजे दिवाळीनंतर. ती उठली, दोघांना नमस्कार केला आणि बाहेर आली.

सर लगेच मागून आले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, आणि तेच तिला आधी कळेना.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आता ते प्रकरण घालता येईल तुला. परीक्षकांनीच मागितलंय, म्हणजे संस्था मला काही बोलू शकत नाही. आणि तोवर मुलाखतही झालेली असेल. दोघांचंही काम झालं."

"त्या हे विचारतील, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नकाशा पाहून कुणीही विचारेल, सुमय्या. पाणी असं मध्येच थांबतं का कुठं?"

"मग वेळेअभावी म्हणायला का सांगितलंत?"

"दुसरं काय म्हणणार होतीस?"

"खरं ते."

"आणि माझं?" त्यांनी विचारले. त्या प्रश्नात कावा नव्हता. ते खरेच उत्तराची वाट पाहत होते.

"गारखेड्याची जागा जाईल, सर."

"जागा येत राहतात. तू हुशार आहेस, तुला कुठंही घेतील. मला या वयात कोण घेणार?" त्यांनी तिच्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिले. "ते जुनं प्रकरण पाठव आज. दोन दिवसांत तपासून देतो."

ज्या पानांवर त्यांनी स्वतःच्या हाताने 'उत्तम' लिहिले होते, ती पाने ते आता नव्याने तपासणार होते. तिला रडू येईल असे वाटले होते, आले नाही. वडिलांना फोन लावावा, असे एकदा मनात आले. ते म्हणाले असते, "जाने दे बेटा, सर बड़े आदमी हैं." तिने फोन बॅगेत टाकला आणि ती पुन्हा आत गेली.

परीक्षक बाई पर्स आवरत होत्या. निकालाचे पाकीट चिकटवून झाले होते.

"मॅडम, निकाल बदला असं मी म्हणत नाही," सुमय्या म्हणाली. "पण मघाशी मी खोटं बोलले. वेळ पुरला होता. ते प्रकरण जानेवारीतच लिहून झालं आहे."

"मग ते आत का नाही?"

"काढायला सांगितलं म्हणून काढलं. काढलं मीच."

"कुणी सांगितलं?"

सर दारात येऊन उभे होते. सुमय्याने त्यांच्याकडे बोट दाखवले नाही, नावही घेतले नाही.

"मॅडम, चहा आलाय," सर म्हणाले. "तुमची बसही साडेचारची आहे."

बाईंनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. "बस दुसरी मिळेल. तुम्ही बसा, सर."

त्या समोरच्या एकट्या खुर्चीकडे पाहत होत्या. सुमय्याने बाजूला सरकून वाट दिली. सर जवळून गेले तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते, आणि दुखावल्या आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असे ते म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."