गाडीला उचकी लागली की

गाडी घरी आली तेव्हापासूनच तिला उचकीची खोड होती. चालता चालता मध्येच समोर एक तांबडा दिवा लागायचा, टुक् टुक् असा आवाज सुरू व्हायचा आणि मनात येईल तेव्हा आपोआप थांबायचा. दिव्याचं म्हणणं एकच, मागचं सरकतं दार उघडं आहे. दार तर घट्ट बंद. गाडी चालवायची ती घरची सून. तिच्या नवऱ्याने उतरून ढकलून बघितलं, थोपटून बघितलं, आणि शेवटी हीच गाडी असलेल्या लोकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर विचारलं.

तिथे रडगाण्यांचा बाजारच भरला होता. कुणाचा एसी पुढच्यांना गारठवायचा आणि मागच्यांना उकडून काढायचा, कुणाची मागची सीट दुमडली ती उलगडायचं नाव घेत नव्हती, कुणाची बॅटरी सकाळी उठायलाच मागत नव्हती. दाराच्या आवाजाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. सगळ्यांच्याच गाडीला होतं, लक्ष देऊ नका. एका गृहस्थांनी लिहिलं, "दिव्यावर चिकटपट्टी लावा आणि सुखाने जगा." नवऱ्याने काळी चिकटपट्टी लावली.

दिव्याची सोय झाली. आवाजाची सोय अप्पांनी केली.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. पूर्वी बोलायला बसले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. अर्धांगाचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. खुणा करायचे, नाहीतर गप्प बसायचे. गाडीतला तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मात्र मागच्या सीटवरून शब्द आला, "उ... चकी."

शेजारी बसलेली नात, जिला सगळे टिल्ली म्हणायचे, हसून हसून लोटपोट झाली. मग खेळच सुरू झाला. गाडीला उचकी लागली की तिची आठवण कोण काढतंय ते ओळखायचं. ज्याच्या नावावर उचकी थांबेल, तो माणूस. आत्या, मामा, बाबा, बालवाडीतल्या बाई. टिल्लीची माणसं लगेच संपायची. मग अप्पा तोंड वाकडं करून, कपाळावर घाम आणून, एकेक नाव ओढून काढायचे. बालपणीचे मित्र, ऑफिसातला साहेब, आणि एकदा तर कुणी ऐकलेलंच नाही असं एका बाईचं नाव.

"अप्पा, ही कोण हो?" तिने आरशातून विचारलं होतं.

अप्पा अर्ध्याच ओठाने हसले होते. अर्ध्याच, पण पुरेपूर लबाड.

ज्या व्यायामकेंद्रात ती अप्पांना गाडीने न्यायची, तिथल्या बाईंनी एक दिवस कौतुकाने विचारलं, "घरी काय करून घेता हो यांच्याकडून? शब्द वाढलेत."

"मी कुठलं काय करतेय?" ती म्हणाली. "आमची गाडी करून घेते."

म्हणूनच कंपनीचा निरोप मोबाईलवर आला तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी आपल्याच घरातल्या माणसाबद्दल वाईट बोलतंय. या मॉडेलच्या सरकत्या दाराची कडी सदोष आहे, चालत्या गाडीत दार उघडू शकतं, गाडी दुरुस्तीसाठी परत आणावी. हातातला टिल्लीचा झगा अर्धवट घडीतच राहिला. दिवा इतके दिवस खरं सांगत होता. आणि आपण त्याचं तोंड बंद करून टाळ्या पिटत होतो.

त्या दाराशीच अप्पा बसायचे. चाकाची खुर्ची दाराला भिडवली की उजव्या हाताने दांडी धरून ते कसेबसे त्या सीटवर टेकायचे. पुढची सीट उंच. पलीकडे टिल्लीची खुर्ची बांधलेली, आणि तिथवर त्यांना सरकवणं एकट्या बाईच्या ताकदीबाहेरचं. शिवाय डाव्या अंगात जीव नाही, त्यामुळे पट्टा लावला तरी अप्पा डावीकडेच कलायचे. सगळा भार दारावर.

टिल्लीला घेऊन ती सर्व्हिस सेंटरला गेली. काउंटरवरचा माणूस अतिशय नम्र होता. इतका नम्र की त्याच्यावर चिडायलाही जागा सापडेना.

"पार्ट आलेला नाही मॅडम. आला की आम्हीच फोन करू."

"कधी येईल?"

"ते वरून कळतं."

"तोवर काय करायचं?"

"तोवर त्या दाराशी कुणाला बसवू नका."

"अहो, त्यांना दुसरीकडे बसताच येत नाही. त्यांच्यासाठीच तर ही गाडी घेतली."

त्याने खरोखर वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "सूचना तेवढीच आहे मॅडम."

नवरा नोकरीपायी दुसऱ्या गावी. फोनवर म्हणाला, "तू गाडी बाहेर काढूच नकोस."

"मग अप्पांना काय खांद्यावर घेऊन जाऊ?"

"टॅक्सीने जा ना."

टॅक्सीही करून पाहिली. सीट उंच, ड्रायव्हर घाईत. त्याने अप्पांना काखेत हात घालून पोत्यासारखं उचललं आणि आत ढकललं. अप्पांची चप्पल रस्त्यावरच राहिली. परत आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढच्या वेळी टॅक्सी म्हटल्यावर त्यांनी चाकाच्या खुर्चीचा ब्रेक धरून ठेवला, सोडलाच नाही. केंद्र चुकलं. बोटं आखडायला लागली. हातातला पेला दोनदा पडला.

शेवटी तिने जुनी ओढणी काढली. टिल्ली तान्ही असताना तिला याच ओढणीत छातीशी बांधून ती घरभर वावरायची. ओढणीचं एक टोक दाराच्या आतल्या मुठीला बांधलं, दुसरं पुढच्या सीटच्या पायाला. गाठीवर गाठ मारली. मग टिल्लीला समोर उभं करून म्हणाली, "आता खेळ बंद. उचकी लागली की नावं घ्यायची नाहीत. गप्प बसायचं, म्हणजे आईला नीट ऐकू येतं."

"गाडी आजारी आहे का?"

"हो."

"अप्पांसारखी?"

तिने टिल्लीला उचलून खुर्चीत बसवलं. अप्पा बाहेर बघत होते.

केंद्रात जाताना गाडी गुणी पोरासारखी चालली. उचकी नाही, काही नाही. येताना वळणावर टुक् टुक् सुरू झालं. ती ब्रेकवर पाय नेते न नेते तोच मागून वाऱ्याचा झोत आला आणि रस्त्याचा आवाज एकदम मोठा झाला. दार सरकलं होतं. वीतभरच, पण अप्पांचा लुळा हात त्या फटीतून बाहेर लोंबत होता.

"अप्पा!"

गाडी कडेला कशी आली ते तिला कळलं नाही. धावत जाऊन तिने तो हात आत घेतला, चोळला, उलटसुलट करून पाहिला. कुठे खरचटलंही नव्हतं. ओढणी ताणून दोरीसारखी झाली होती, पण गाठ सुटली नव्हती. तिने दार लावलं. लागलं. जरा ओढलं, तर पुन्हा उघडलं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न मारून जात होत्या. एकाने काच खाली करून विचारलं, "मध्येच काय थांबलात?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

तिने सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"पार्ट आलेला नाही मॅडम," तोच नम्र आवाज. "तुम्ही गाडी चालवत नाही आहात ना?"

"मी रस्त्यात आहे. दार उघडतंय. सासरे आत आहेत, लेक आत आहे."

तो म्हणाला, "मग... सावकाश जा."

तिने ओढणी आणखी आखूड करून बांधली. तेव्हा अप्पांनी उजवा हात पुढे केला आणि सुटं टोक मागितलं. मनगटाला दोन वेढे घेतले, मुठीत धरलं. व्यायामाने कमावलेली सगळी ताकद त्या मुठीत होती, आणि ती किती आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं. टिल्लीने आपल्या खुर्चीतून हात लांबवला आणि त्यांच्या करंगळीचं टोक धरलं. मदत म्हणून.

चारही दिवे लुकलुकत ठेवून गाडी निघाली. चालणारी माणसं तिला मागे टाकून जात होती. थोड्याच अंतरावर उचकी पुन्हा सुरू झाली. टिल्लीने शहाण्यासारखे ओठ मिटून घेतले आणि आरशातून आईकडे बघत राहिली.

"आ... त्या," मागून अप्पा म्हणाले.

टिल्लीचे डोळे मोठे झाले. "आई, अप्पांनी नाव घेतलं!"

"मामा," समोरचा रस्ता बघत ती म्हणाली.

मग तिघांनी मिळून सगळी माणसं घेतली. बाबा घेतले, बालवाडीतल्या बाई घेतल्या, अप्पांचे मित्र घेतले, तो साहेब घेतला, ती लबाड हसण्यातली बाईसुद्धा घेतली. वळण गेलं, पूल गेला. प्रत्येक नावाला अप्पांचा श्वास आखूड होत होता आणि मनगटावरचा वेढा सैल पडत होता. ते पुन्हा आवळत होते.

"आई," टिल्ली म्हणाली, "काउंटरवरचे काका राहिले."

"घे त्यांचंही नाव."

"काउंटरवाले काका!" टिल्ली मोठ्याने ओरडली.

तिघंही कान देऊन थांबली. टुक् टुक् चालूच होतं.